मुलगा वाचतो तो सिनेमा

"बाबा, हाच ना तो? मुलगा वाचतो तो?" ऋचानं जेवणाच्या टेबलावर टॅब उभा केला आणि मागून टेकू म्हणून लोणच्याची बरणी लावली.

पद्माकरांनी चष्मा पुसून पाहिलं. "हाच."

"स्वल्प दुसरं काहीतरी लाव गं," कौशल्या म्हणाली. "इतका जुना सिनेमा. डोळे दुखतील त्यांचे."

"आई, लहानपणापासून बाबांच्या तोंडून ऐकतेय मी याच्याबद्दल. आता मिळालाय तर बघू दे ना. खाली इंग्लिशमध्ये ओळी येतात. तुला कानाशी बसायची गरजच नाही." ऋचानं वडिलांच्या दोन्ही कानांत इअरफोन बसवले, दुसरी जोडी आईच्या हातात दिली आणि ऑफिसच्या कॉलसाठी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

कौशल्यानं आपली जोडी मुठीतच ठेवली.

पद्माकर नोकरीसाठी साताऱ्याहून बंगळूरला आले आणि सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून त्यांची हयात गेली, पण त्यांचं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, याच्या पुढं कधी सरकलं नाही. कौशल्याचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, शिवाजीनगरातलं. त्यामुळं मॅजेस्टिक भागातल्या थिएटरांत जाऊन कन्नड सिनेमा बघायचा तो त्यांच्या डोळ्यांनी आणि तिच्या तोंडानं. ती त्यांच्या डाव्या कानाशी लागून एकेक वाक्य मराठीत सांगायची आणि पुढच्या रांगेतलं कुणीतरी मागं वळून तिला गप्प करायचं.

हा सिनेमा बघायला ते गेले, तेव्हा देवव्रतला जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांचा पहिला मुलगा. ऋचा त्याच्या मागची. तो तापानं गेला आणि पद्माकरांनी जेवणखाण, बोलणं, कामावर जाणं, सगळंच टाकलं. कौशल्यानं त्यांना बळंच थिएटरात नेलं. सिनेमात काय आहे हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? मध्यंतरानंतर एका आजारी पोराच्या खाटेजवळून डॉक्टर उठला, खाली मान घालून काही बोलला, आणि कौशल्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हणतात, धोका टळला. हवापालटाला आजोळी पाठवा."

मग काय, एक खोटं झाकायला दहा. आई पोराचं ताट मांडून बसली, तर तो सुट्टीला येणार आहे म्हणून. बाप बांधावर बसून रडला, तर शेत हातचं गेलं म्हणून. नशीब, त्या दिग्दर्शकानं चिता दाखवली नव्हती. बाहेर पडल्यावर पद्माकर म्हणाले, "भूक लागलीय." दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले. देवव्रतचं नाव मात्र त्यानंतर दोघांपैकी कुणी घेतलं नाही.

त्या खोट्याच्या आधारानं हा माणूस उठून उभा राहिला होता, असं कौशल्या इतकी वर्षं धरून चालली होती. आता तेच उघडं पडणार होतं आणि तिला धड तिथं बसवत नव्हतं, उठवतही नव्हतं.

पडद्यावर डॉक्टर खाटेजवळून उठला. खाली ओळ आली: 'आम्ही तुमच्या मुलाला वाचवू शकलो नाही.'

कौशल्यानं नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. पद्माकर वाचत होते. ती ओळ गेली, दुसरी आली, तीही त्यांनी वाचली.

"बंद करू का?" तिनं टॅबकडं हात नेला. "चहा टाकते."

त्यांनी तिचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं कानातले इअरफोन काढून टेबलावर ठेवले.

"मला माहीत होतं, कौशल्या."

"काय माहीत होतं?"

"अख्खं थिएटर रडत होतं गं. शेजारचा तो मिशाळ माणूस तोंडात रुमाल कोंबून हुंदके देत होता. धोका टळल्यावर माणसं अशी रडतात का?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुझा आवाज कापत होता, तरी तू एकाला एक जोडून सांगत होतीस. म्हटलं, हिनं इतक्या कष्टानं जगवलंय पोराला, आपण कशाला मारायचं. म्हणून मग मीही सांगत सुटलो, मुलगा वाचतो म्हणून."

कौशल्या रडायला लागली. पद्माकरांनी तिला रडू दिलं. आतून ऋचाचा कॉलवरचा आवाज अस्पष्ट येत होता.

पडद्यावर आई ताट मांडत होती. आवाज टेबलावरच्या इअरफोनमध्येच अडकलेला, त्यामुळं तिचे नुसते ओठ हलत होते. खाली ओळी येत होत्या, जात होत्या. पद्माकरांनी चष्मा काढला, घडी करून बाजूला ठेवला आणि डावा कान बायकोच्या तोंडाजवळ आणला.

"काय म्हणतेय ती?"

कौशल्यानं पदरानं तोंड पुसलं. सवयीनं ती त्यांच्या कानाशी वाकली. बराच वेळ नुसता तिचा श्वासच त्यांच्या कानाला लागत होता.

"म्हणतेय," ती कुजबुजली, "माझा देवव्रत गेला."

पद्माकरांनी मान हलवली. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"मोठ्यानं सांग," ते म्हणाले. "इथं मागं वळून आपल्याला गप्प करायला कुणी बसलेलं नाही."