मोटार बरी झाली

दुपारच्या सामसुमीत मांडणीवरची भांडी थरथरून वाजली आणि बायजाची मान खाली गेली. परसात नवऱ्यानं साहेबाची विलायती रेसची मोटार सुरू केली होती. बोरघाट झपाट्यानं चढावा म्हणून त्यानं गेल्याच आठवड्यात तिच्या इंजिनाला जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर बसवला होता.

परवा दुपारी कातकरवाडीची भागी तापलेली पोर घेऊन आली, तेव्हा तिच्या मातकट पायांकडे बघत बायजा म्हणाली होती, "इंजिन उघडलंय गं, मोटार चालायची नाय." भागी पोरीला पाठीशी बांधून कर्जतच्या दवाखान्यात चालत गेली.

आज आवाज ऐकून भागी दारात आली. पदरातून लिंबू काढत म्हणाली, "पोर वाचली, बाय. तुमची मोटार बी बरी झाली. बांधा हे तिला, दिष्ट लागंल."



बायजाच्या कडेवरच्या लेकीनं विचारलं, "आई, परवा सकाळी बाबांनी मला फिरवलं, ती दुसरी मोटार व्हती का गं?"