शेपटाचा पुरावा

सांगितलं तर कोणाला पटणार नाही, पण पेपरात आलेली ती नवी पाल एडवर्डच्या आधी मी पकडली होती.

एडवर्ड म्हणजे आमचा शेजारी. मुलुंडच्या डोंगरात एका कातळावर त्याला बोटाएवढी पाल सापडली. संशोधकांनी भिंगाखाली तिचे खवले मोजले, अशी पाल आजवर कोणी नोंदवलेली नाही असं ठरवलं आणि तिला चक्क त्याचं नाव दिलं. तेव्हापासून अख्खी वाडी त्याला चहाला बोलावते. मला कोण विचारतंय?

रविवारी त्याच्या ओट्यावर सगळे जमले होते. मी म्हटलं, "त्याच कातळावर आदल्या दिवशी मी हात घातला होता. पाल निसटली, शेपूट हातात राहिलं. हे बघा." आणि लोणच्याच्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवलेलं शेपूट सगळ्यांपुढे धरलं.

एडवर्डने चष्मा लावून बाटली निरखली. "असेल रे गुणाजी. साहेबांना सांगू का, तुझंही नाव जोडायला?"

मी नको नको म्हणत होतो, पण हळू आवाजात.

तेवढ्यात माझी बायको मालन दोरीवर कपडे टाकता टाकता म्हणाली, "एडवर्डभाऊ, फोटोत तुमच्या पालीला अख्खं शेपूट आहे. एका दिवसात उगवलं होय? हे आमच्या मोरीतल्या पालीचं. मी झाडू मारला तेव्हा तुटलं, आणि हे तेव्हा स्टुलावर उभे राहून मला हाका मारत होते."