नाक्यावरचा बॅनर

निकेशला आठ वर्षांनी पीएच.डी. मिळाली, तसा मिठागरावर राबणाऱ्या नाथाने लेकाच्या फोटोचा भलामोठा बॅनर रामवाडीच्या नाक्यावर लावला. ‘डॉ. निकेश यांचे हार्दिक अभिनंदन!’ सकाळी पाहतो तर निकेशच तो उतरवत होता.

“अरे, येडा झालास काय?”

“बाबा, कंपनीची बस इथूनच जाते. रोह्यापर्यंत एकाही कॉलेजात शिकवायची जागा नाय. ठेकेदाराला शिकलेला हेल्पर चालत नाय, म्हणून मी बारावी सांगितलीय.”

नाथाने दुसऱ्या बाजूची दोरी सोडली आणि फोटो नि नाव आत घेऊन बॅनरची घडी घातली. तेवढ्यात बस आली. मुकादमाने खिडकीतून डोकं काढलं.

“काय निकेश, कोणा डॉक्टरचा रे बॅनर?”

निकेशच्या आधी नाथाच हसून म्हणाला, “असंल कोणाचा तरी, सायेब. आमच्यात एवढं कोण शिकलंय!”