पुढचं वाक्य

वहिनी घरी बसून मुद्रितं तपासायच्या. त्यांचा संगणक रोज दुपारी अडकायचा. तो सुरू होईपर्यंत त्या वाचनालयातून आणलेली कादंबरी वाचत. संगणक ज्या शब्दाशी अडकलेला असे, नेमका तोच शब्द कादंबरीच्या पुढच्या पानावर पहिला येई.

"योगायोगाला औषध नाही, वहिनी. मशीन तेवढं दुरुस्त करतो," असं हसत म्हणून दीर संगणक आपल्या दुकानात घेऊन गेला.

दुसऱ्या दुपारी मोकळ्या टेबलावर ऊन सांडलं होतं. वाचता वाचता वहिनींचे डोळे पेंगुळले, तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, पडद्यावर एक वाक्य आलंय, पुसलं तरी जात नाही. ऐका. 'दुपार इतकी शांत होती, की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.'"

वहिनींचं बोट पानावर त्याच वाक्याखाली होतं. त्यांनी पुढचं वाक्य वाचलं : 'मग त्याच्या मागचं दार अलगद उघडलं.'

"भावजी, दुकानात अजून कोण आहे?"

"कोणी नाही. आतून कडी घालून बसलोय."

फोनमधून बिजागरीची हलकी कुरकुर ऐकू आली.