मासे पकडायचा गेम

सहा वर्षांच्या आरोहीनं गळ टाकून मासे मारायला शिकावं, हे जान्हवीला पटेना. तिनं मोबाईलवरचा तो गेम डिलीट करायला घेतला.

"अगं, गेमच तर आहे. इतकं काय टेन्शन घेतेस?" फॅक्टरीतल्या शिफ्टसाठी बूट घालता घालता अंबरीश म्हणाला.

"पोरीच्या मनावर परिणाम होतो, म्हणून."

आरोही रडवेली झाली. "आई, मी एक पण मासा नाही पकडला. मी फक्त बघते. यातले मासे पोहतात. पप्पांच्या फॅक्टरीमागच्या तलावातले तर पोट वर करून पडून राहतात."



जान्हवीनं गेम राहू दिला आणि तलावाकडची खिडकी लावून घेतली.