दानम्माची बचत

“माझ्या डोक्यावरचा दिवा बंद कर गं,” दानम्मा म्हणाली. “मला काय पोथी वाचायचीय?”

शिवांजलीनं बटण बंद केलं. पाटोद्याच्या त्या गल्लीत घरोघर दिवे लागले होते. यांच्या ओसरीवर मात्र सासू अंधारात बसून शेंगा फोडत होती. येणारे-जाणारे काय म्हणत असतील, या विचारानं शिवांजलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आखातात लढाई पेटली त्या साली रेडिओवर सारखं ‘इंधन वाचवा, इंधन वाचवा’ चालायचं. दानम्माचा सेलवरचा रेडिओ कायम कानाशी. तिनं ते असं काही मनावर घेतलं, की घरच्यांना नको झालं. पंचायत समितीतून सवलतीत मिळणारी सूर्यचूल तिनं मुलाला आणायला लावली आणि विस्तवाजवळ जायचंच सोडलं. सकाळी डाळ-तांदूळ काळ्या डब्यांत घालून अंगणात ठेवायचे, दुपारी काढायचे. धूर नाही, राकेल नाही. भाकऱ्या तेवढ्या शिवांजली कॉलेजसाठी बीडची एसटी गाठायच्या आधी स्टोव्हवर भाजून ठेवी.

मुलगा बसवेश किराणा दुकान सांभाळायचा. एका सोमवारी त्यानं लुना काढली.

“चल आई, महादेवाला सोडतो.”

“एवढ्याशा वाटंला पेट्रोल जाळतूस व्हय? म्या इथूनच हात जोडते.”

“मग चालत जाऊ.”

“गुडघे न्हाईत चालत.”

हळूहळू तिनं उंबरा ओलांडायचंच सोडलं. लग्नकार्यं सुटली, शेजारणींकडं बसणं सुटलं. डोकं दुखतं म्हणायची म्हणून बसवेशनं बीडच्या डॉक्टरचं नाव काढलं, तर त्याच्यावरच खेकसली. घरातली वस्तू जागची हललेली तर तिला मुळीच खपायची नाही. तांब्या इथंच, सूप तिथंच. शिवांजलीनं एकदा पाट सरकवला तर दिवसभर कुरकुर चालली होती.

शिवांजलीच्या खोलीतला दिवा मात्र कितीही वेळ जळू दे, दानम्मा चकार शब्द काढत नसे. “तुझा जळू दे. तुला मास्तरीण व्हायचंय.” शिवांजलीला तो टोमणाच वाटायचा. खरं तर तिला डी.एड.ला घालायचं दानम्मानंच ठरवलं होतं. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा बसवेशचं कॉलेज सुटलं होतं. ते गेल्यावर दानम्मा एवढंच बोलली होती, “दुखण्यानं या घरातली एक शाळा बुडाली. दुसरी बुडू देनार न्हाई.”

मग तो उन्हाळा आला. शिवांजलीचे वडील केदारनाथ दिंद्रुडहून लेकीला भेटायला आले. चपला काढून दारात उभे राहिले. माणूस अबोल. विहीणबाईंनी ‘या’ म्हणावं, मग आत पाऊल टाकावं, अशी त्यांची रीत. दानम्मा समोरच ज्वारी निवडत बसली होती. शेजारी रेडिओ चालू होता. तिनं मान वर केली, सरळ त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा सुपात हात घातला. केदारनाथ थोडा वेळ थांबले आणि आल्या पावली परत फिरले.

शिवांजली आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली तोवर ते गल्लीच्या टोकाला पोचले होते. तिनं हाका मारल्या. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

“कावून असं केलंत आत्या? माझ्या बापानं काय घोडं मारलं होतं तुमचं?”

दानम्माचा हात सुपातच थांबला. “कवा आलते?”

“कवा? तुमच्या म्होरं उभे होते की!”

दानम्मानं सूप बाजूला सारलं. मग हळूच म्हणाली, “चुकलं माझं. ध्यान न्हवतं.”

“दिव्याची बचत समजत होते मी. तुमी माणसांचीबी करता.”

दानम्मानं ते ऐकून घेतलं. त्याचाच शिवांजलीला जास्त राग आला. केदारनाथ पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात ते वारले. त्यानंतर कित्येक महिने सासू-सुनेत कामापुरतंच बोलणं राहिलं.

शिवांजली डी.एड. झाली. पालीच्या शाळेवर नेमणूक झाली. पेढा हातावर ठेवून तिनं पायांवर डोकं टेकवलं, तेव्हा दानम्मानं तिला उठवून जवळ घेतलं. तिच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून दोन्ही हात कितीतरी वेळ फिरवत राहिली. “मास्तरीण झाली माझी पोरगी,” म्हणाली आणि रडली. शिवांजलीच्या मनातली गाठ तिथंच सैल झाली. आपण लई बोललो, असं तिला वाटून गेलं.

पहिल्या पगाराच्या दिवशी तिनं बीडहून ट्यूबलाइट आणली. दुपारी गल्लीतल्या वायरमननं ती ओसरीवर बसवून दिली. दिवेलागणीला तिनं सासूला हाताला धरून ट्यूबच्या बरोबर खाली बसवलं. बसवेश अजून दुकानातून यायचा होता. ओसरीवर चांगलाच अंधार दाटला होता.

“आत्या, ही बल्बापेक्षा कमी वीज खाती आन् उजेड दुप्पट देती. आता अंधारात बसायचं कारण न्हाई. बघा हं.”

तिनं खट्‌कन बटण दाबलं.

दानम्मानं तोंड वर केलं. सुरकुतलेल्या गालांवर हसू पसरलं.

“अगं बाई! दुधावानी उजेड पडला की गं. समदं घर कसं लख्ख झालं. बघून जीव निवला माझा. आता बंद कर, उगं जाळू नगंस.”

शिवांजलीचा हात बटणावरच राहिला. साऱ्या गल्लीची लाइट गेली होती. ट्यूब लागलीच नव्हती.