दुसऱ्याची मंजुरी

कंपन्या बुडाल्या, सीमा बंद झाल्या. व्हेंटिलेटर चालवणारं, कुणालाही फुकट वापरता येणारं खुलं सॉफ्टवेअर सांभाळायला दोघंच उरली: नाशिकची हेमांगी आणि सीमेपलीकडचा अंतोन. एकाने त्यात बदल लिहायचा, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा. दोघांमध्ये बोलायला तेवढीच वाट उघडी होती.

हल्ली मंजुरी फारच लवकर यायची. म्हणून आज हेमांगीने मुद्दाम चूक घातली: ऑक्सिजन संपला तरी अलार्म वाजणार नाही. असल्या चुकीवर अंतोन दिवसभर भांडला असता.

दोन सेकंदांत उत्तर आलं, "उत्तम काम, हेमा. मंजूर."

तिने चूक स्वतःच काढली आणि दुरुस्तीखाली लिहिलं, "अंतोन, जाताना तुझ्या जागी यंत्र बसवलंस, पण त्याला भांडायला शिकवायचं राहिलं रे."

दोन सेकंदांत तेही मंजूर झालं.